गंजलेले लोखंड आणि आपला इतिहास : विद्युत अपघटनाचा एक घरगुती पाठ

इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी एक प्रश्न विचारतो : तुमच्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? कॅम्प नं. ३ मधील सिंधी कुटुंबांतील मुले एखादी पितळी परात किंवा फाळणीच्या वेळी सोबत आणलेल्या पेटीचे कुलूप सांगतात. विदर्भ-मराठवाड्यातून, खानदेशातून येथे कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांतील मुले थोडा वेळ गप्प राहतात आणि मग विळा, कुऱ्हाड, पहार, रापी, नांगराचा फाळ यांपैकी एखादे नाव घेतात. ‘पण ते गंजले आहे, सर,’ हे वाक्य त्यामागोमाग ठरलेलेच असते. पुष्कळदा पुढील वर्षी चौकशी केली असता ती वस्तू भंगारात गेल्याचे कळते. माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्या हाती ही स्मरणिका जाणार आहे. म्हणून जुन्या लोखंडी वस्तूंवरील गंज घरच्या घरी सुरक्षितपणे कसा काढावा आणि कोणत्या वस्तूंना हात लावू नये, याचा एक पाठ येथे क्रमाने मांडीत आहोत.

दगड उरला, छिन्नी गेली

उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढाच त्याचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे नाव त्यामुळे आपल्याला ठाऊक आहे. कान्हेरीच्या एका शिलालेखात आपल्या शेजारच्या कल्याणचा रहिवासी असलेल्या नंद नावाच्या लोहाराने वाटेचे दान दिल्याची नोंद आहे. आपल्याच परिसरातील अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातील असून त्यातील लेखावरून त्याचा काळ इ. स. १०६० असा ठरतो. ही तिन्ही ठिकाणे आजही उभी आहेत. मात्र बलकाची छिन्नी, नंदाचा घण किंवा अंबरनाथचा दगड घडविणाऱ्यांचे हातोडे आज आपल्याला दाखविता येत नाहीत. झिजलेले लोखंड पुन्हा भट्टीत जाई आणि उरलेले गंजून मातीत मिसळे.

जेथे लोखंड जमिनीत टिकले, तेथे त्याने इतिहास बदलला. नागपूर परिसरातील माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड येथील शिलावर्तुळांच्या उत्खननांत कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी, घोड्याचे लगाम अशा लोखंडी वस्तू सापडल्या. नैकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. ती इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमाराची मानली जाते. विदर्भाच्या भूमीत लोखंड गाळणारे कुशल हात भगवान बुद्धांच्याही आधी होते, हे आपण आज पुराव्यानिशी म्हणू शकतो. हे सांगणारा एकही ग्रंथ त्या काळी लिहिला गेला नाही. ते गंजलेल्या लोखंडाने सांगितले. ज्यांना लेखणी धरू दिली गेली नाही, त्यांच्या इतिहासाचे साधन बहुधा त्यांचे हत्यार हेच असते. म्हणून गंज हा आमच्या मते इतिहासाच्या तासाचाही विषय आहे.

गंज म्हणजे काय?

धम्मपदातील मलवग्गात गंजाचा दृष्टान्त आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. तो दृष्टान्त मनाच्या मळाविषयी आहे. येथे आपण धातूच्या मळाकडे पाहू.

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात, ते हवेतील ऑक्सिजन पाण्याच्या सान्निध्यात स्वीकारतो आणि तांबूस, सच्छिद्र असे पाणीयुक्त लोह ऑक्साइड तयार होते. धातूपेक्षा हा गंज कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. मीठ असेल तर हा व्यवहार फार वेगाने चालतो. कोकणपट्टीतील दमट हवा आणि पावसाळ्याचे चार महिने म्हणूनच लोखंडाचे वैरी ठरतात.

दिल्लीचा लोहस्तंभ सोळा शतके कसा उभा राहिला, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट संरक्षक थर तयार झाला आहे. कानपूर येथील आयआयटीचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या विषयाचा सखोल अभ्यास केला. या टिकाऊपणामागे कोणताही चमत्कार नसून प्राचीन लोहारांची धातू गाळण्याची पद्धत आणि दिल्लीची तुलनेने कोरडी हवा ही त्याची कारणे आहेत.

विजेने गंज कसा निघतो?

विद्युत अपघटनाचे नियम मायकेल फॅरडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास मांडले. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून ते विज्ञानाकडे वळले. विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या या माणसाचे नियम आज जगातील प्रत्येक विद्यापीठात शिकविले जातात.

प्रक्रिया अशी. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात गंजलेली वस्तू आणि साध्या लोखंडाचा एक तुकडा एकमेकांना न चिकटता ठेवावयाचा. वस्तूला वीजपुरवठ्याचे ऋण टोक आणि तुकड्याला धन टोक जोडावयाचे. म्हणजे वस्तू ऋणाग्र होते आणि तुकडा धनाग्र. एकदिश प्रवाह सुरू होताच ऋणाग्रापाशी हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघू लागतात. तेथे दोन गोष्टी घडतात. गंजाच्या काही भागाचे क्षपण होऊन तो काळ्या, भुसभुशीत रूपात बदलतो आणि गंजाखालून उठणारे बुडबुडे पापुद्रे सैल करतात. आम्लात वस्तू बुडविली तर आम्ल गंजाबरोबर चांगले लोखंडही खाते. येथे मात्र वस्तू ऋणाग्र असल्यामुळे मूळ धातूला धक्का बसत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे.

संग्रहालयांनी हे तंत्र फार पूर्वीच स्वीकारले. चेन्नईच्या, तेव्हाच्या मद्रासच्या, शासकीय संग्रहालयात १९३० मध्ये रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली आणि एस. परमशिवन यांनी तेथे कांस्यमूर्तींवर विद्युत अपघटनाने उपचार केले. अमेरिकेत १८६२ मध्ये बुडालेल्या ‘मॉनिटर’ या युद्धनौकेचा लोखंडी बुरूज २००२ मध्ये समुद्राबाहेर काढल्यावर त्याच्यावरही मोठ्या टाकीत हाच उपचार करण्यात आला.

साहित्य

१. प्लास्टिकची बादली किंवा टब. धातूचे भांडे वापरू नये.
२. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. दहा लिटर पाण्यास १०० ते १५० ग्रॅम पुरतो. अधिक घातल्याने काम अधिक चांगले होत नाही. खाण्याचा सोडा ही वेगळी वस्तू आहे.
३. धनाग्रासाठी साध्या लोखंडी सळईचे किंवा पत्र्याचे तुकडे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा चालणार नाही.
४. बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, शक्यतो प्रवाह दाखविणारा. बॅटरी जोडल्याखेरीज चालू न होणारे नवे स्वयंचलित चार्जर या कामास उपयोगी पडत नाहीत.
५. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नायलॉनचा ब्रश, तांब्याची तार.

घरातील विजेची तार सरळ द्रावणात सोडण्याचा विचारही कोणी करू नये. तो प्रवाह प्राणघातक आहे.

कृती

प्रथम वस्तूचे वजन करावे, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र काढावे आणि वहीत नोंद करावी. वस्तूवरील माती व तेल धुऊन काढावे. न दिसणाऱ्या जागी कानसीने थोडा गंज घासून चकचकीत धातू उघडा करावा आणि तेथे तार घट्ट बांधावी. गंजातून वीज नीट वाहत नाही. हा जोड कच्चा राहिला तर पुढचे सर्व श्रम वाया जातात.

वस्तू द्रावणात लटकवावी. धनाग्राचे तुकडे तिच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत, कारण ज्या बाजूस धनाग्र समोर असतो तीच बाजू अधिक साफ होते. दोन्हींत सहज चार बोटांचे अंतर असावे. धन टोकाचा चिमटा पाण्याबाहेर राहील असे पाहावे, नाही तर तोच विरघळू लागतो. सर्व जोडण्या झाल्यावर शेवटी बटण सुरू करावे. हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी बटण बंद करावे. हा क्रम विद्यार्थ्यांनी पाठ म्हणून दाखविल्याशिवाय आम्ही चार्जर त्यांच्या हाती देत नाही.

लहान विळ्यासाठी एक ते दोन अँपिअर प्रवाह पुरेसा आहे. घाई करून प्रवाह वाढवू नये. बुडबुडे जोरात निघाले तर गंजाबरोबर पृष्ठभागावरील खुणाही सुटतात. तीन-चार तासांनी वस्तू बाहेर काढून ब्रशने घासावी, पाहावे आणि गरज असेल तर पुन्हा ठेवावी. धनाग्रावर तांबूस चिखल साचतो, तोही मधून मधून घासून काढावा.

येथे फॅरडेंच्या नियमाचा उपयोग मुलांना करून दाखविता येतो. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. दोन अँपिअर चार तास म्हणजे साडेतीन लिटरहून थोडा अधिक. हवेत हायड्रोजनचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणून हे काम उघड्या गॅलरीत किंवा अंगणात करावे, जवळ उदबत्ती, मेणबत्ती, शेगडी, विडी-सिगारेट काही असू नये आणि बादलीवर झाकण ठेवू नये. बंद खोलीत रात्रभर चालू ठेवून झोपणे तर कटाक्षाने टाळावे.

तीन कडक निषेध

पहिला : धनाग्र म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताट कधीही वापरू नये. ते झिजत नाही म्हणून मोह होतो, परंतु त्यातील क्रोमियम विषारी रूपात द्रावणात उतरू शकते आणि ते कर्करोगास कारणीभूत ठरते.

दुसरा : सोड्याऐवजी मीठ घालू नये. मिठापासून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, शिवाय क्षार लोखंडात शिरून पुन्हा गंज आणतात.

तिसरा : रंग दिलेली जुनी वस्तू या द्रावणात घालू नये. जुन्या रंगांत शिसे असू शकते. साध्या लोखंडाचे धनाग्र आणि धुण्याचा सोडा एवढेच वापरले असेल तर उरलेल्या द्रावणात फारसे घातक काही नसते. तरीही गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडावे आणि गाळ वाळवून कचऱ्यात द्यावा. वालधुनी नदीची रासायनिक सांडपाण्याने झालेली दशा आपण रोज पाहतो. आपली बादली लहान आहे, पण सवय लहानपणीच लागते.

कोणत्या वस्तू घालू नयेत?

ॲल्युमिनियम आणि जस्त या द्रावणात खराब होतात. लाकडी मूठ निघत नसेल तर वस्तू बुडवू नये, मूठ फुटते. ज्यावर अक्षरे, कोरीव काम किंवा दुसऱ्या धातूची जडणघडण आहे, ती वस्तू तज्ज्ञाकडे न्यावी. तांब्याच्या जुन्या नाण्यांवरील हिरवट थर हा त्यांच्या इतिहासाचा भाग असतो, तो ओरबाडू नये. धारदार कडक पोलाद आणि स्प्रिंग हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊ शकतात. अशा वस्तू पुन्हा कामास लावण्यासाठी नव्हे, केवळ जपण्यासाठी साफ कराव्यात.

सर्वांत महत्त्वाची सूचना जमिनीत शतकानुशतके राहिलेल्या लोखंडाविषयी आहे. पुष्कळदा त्यात धातू उरलेलाच नसतो. कुऱ्हाडीचा आकार केवळ गंजानेच धरून ठेवलेला असतो. अशी वस्तू बादलीत ठेवली तर तिचा चुरा होईल. आजचे संवर्धनतज्ज्ञ अशा वस्तूंवर विद्युत अपघटन सहसा करीत नाहीत. सूक्ष्म हत्यारांनी हळूहळू साफसफाई करणे आणि क्षार काढून टाकणे यांवर त्यांचा भर असतो.

आणि अशी वस्तू आपली खासगी मालमत्ताही नसते. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडले असे लोकपरंपरा सांगते. तिकडे शेत नांगरताना एखादी जुनी नाल हाती आली तर उत्साहाच्या भरात ती घासू नये. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार सामान्यतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. वस्तू जेथे, जशी, जितकी खोल सापडली तेच तिचे खरे मोल आहे. म्हणून जागेचे छायाचित्र काढावे, वस्तू कोरड्या कागदात ठेवावी आणि कळवावे. आमचा हा पाठ घरातील माळ्यावरच्या, पिढी-दोन पिढ्यांच्या हत्यारांपुरता आहे.

नंतरची निगा आणि चर्मकारांचे ज्ञान

द्रावणातून काढलेले लोखंड काळपट दिसते आणि काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. म्हणून ते स्वच्छ पाण्याने धुऊन ताबडतोब पुसावे आणि गरम तव्याजवळ किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवावे. त्यानंतर संग्रहालयांत टॅनिक आम्लाचे पातळ द्रावण लावतात. टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन निळसर काळा, टिकाऊ थर बसतो. शेवटी मेणाचा पातळ हात फिरवितात.

हे टॅनिन म्हणजे काय? हिरडा आणि बाभळीची साल यांत ते विपुल असते. कातडे कमावण्यासाठी आपल्याकडील चर्मकार आणि ढोर समाज पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरीत आले. हिरड्याच्या काढ्यात लोखंडी खिळा टाकला की काढा काळा होतो, हा प्रयोग आम्ही सातवीच्या वर्गात करून दाखवितो. ज्या ज्ञानाला विटाळ म्हटले गेले, ते रसायनशास्त्र होते, हे मुलांना त्या काळ्या पाण्यात दिसते. त्यासाठी वेगळ्या भाषणाची गरज पडत नाही.

जपावे की टाकून द्यावे?

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. काही पालक आम्हाला म्हणतात, ‘गुरुजी, ती रापी, ती सुरी आमच्या लाचारीची खूण आहे. ती कशाला जपायची?’ हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढण्यासारखी कामे सोडण्याचे आवाहन केले. १९२८ मध्ये त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. ज्या घरांनी त्यानंतर ती हत्यारे फेकून दिली, त्यांनी योग्यच केले. तो मुक्तीचा निर्णय होता, आणि आजही वस्तू ठेवावी की टाकावी हे ठरविण्याचा अधिकार त्या कुटुंबाचाच आहे.

परंतु ज्यांनी ती ठेवली आहे, त्यांच्यासाठी आमचे म्हणणे असे आहे. काम सोडणे आणि कामाचा पुरावा नष्ट करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. राजांच्या तलवारी संग्रहालयांत तेल लावून ठेवल्या जातात. आपल्या आजीचा विळा भंगाराच्या काट्यावर किलोच्या भावाने जातो. शंभर वर्षांनी कोणी इतिहासकार विचारील की हे श्रम कोणी केले, तेव्हा त्याला दाखविण्यासारखे काय उरेल? नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. त्या पाहताना जे शहारे येतात, ते वस्तूच्या किमतीमुळे येत नाहीत. ती कोणाच्या हातातील होती, हे आपल्याला ठाऊक असते म्हणून येतात.

यावरूनच या पाठाचा शेवटचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य टप्पा ठरतो. गंज काढल्यावर वस्तूसोबत एक कागद ठेवावा. त्यावर पुढील गोष्टी लिहाव्यात : वापरणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव, वस्तूला घरात काय म्हणत, तिने कोणते काम होई, त्या कामाचा मोबदला काय मिळे, ते काम कधी आणि का सुटले, आणि वस्तू उल्हासनगरला कोणी, कोणत्या साली आणली. ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारावी. लोखंडावरील गंज उद्याही निघेल, पण त्यांची आठवण उद्यापर्यंत थांबेलच असे नाही.

हे शहर एकेकाळी दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी होते. फाळणीनंतर त्याच बराकींत निर्वासितांनी संसार थाटले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचे उल्हासनगर असे नामकरण झाले. येथील जवळजवळ प्रत्येक कुटुंब कोठून तरी काहीतरी घेऊन आले आहे. सिंधमधून आलेले कुलूप आणि बुलढाण्याहून आलेली पहार एकाच बादलीत, एकाच सोड्याने स्वच्छ होतात. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, आपल्याकडे अशी वस्तू असल्यास ती सुटीच्या दिवशी शाळेत घेऊन यावी. चार्जर, बादली आणि सोडा शाळेत आहे. काम विद्यार्थी करतील आणि वस्तू आपण परत घरी न्यावी. तिच्यासोबतच्या कागदाची एक प्रत मात्र शाळेच्या वाचनालयात राहू द्यावी.